पडझडीत विकावे लागू नये म्हणून

वाचकांचे प्रश्न

शेअर बाजाराविषयी आलेल्या पत्रांचा सूर सारखाच आहे : बाजार फुगला आहे का, आणि फुटला तर आमचे काय? त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतले आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. त्या जागी आपापले आकडे घालून पाहावेत.

प्रश्न : कुणी म्हणतात बाजार महाग आहे, कुणी म्हणतात हा सरळसरळ फुगा आहे. दोन्हींत फरक काय? आमच्यासारख्यांना तो ओळखता येतो का? (प्राध्यापिका, कोल्हापूर)

महाग बाजारात लोक चांगल्या कंपनीला चार पैसे जास्त मोजतात. फुग्यात कंपनी किती कमावते याची चौकशीच थांबते. उद्या हा शेअर आपल्याकडून जास्त भावाने कोण घेईल, एवढाच विचार उरतो. पण नुसत्या हावेने फुगा मोठा होत नाही, त्याला हवा लागते ती उसन्या पैशाची. म्हणून भावाच्या आधी कर्जाकडे पाहावे.

मुंबईने हे १६० वर्षांपूर्वी अनुभवले आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, आणि मुंबईहून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा शहरात मावेना. रोज नव्या बँका, नव्या वित्त कंपन्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघू लागल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे सर्वांत मोठे नाव. बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण घेऊन कर्जे देत होती आणि त्या कर्जातून पुन्हा शेअरच घेतले जात होते. बरेचसे सौदे वायद्याचे होते, देणीघेणी १ जुलै १८६५ ला चुकती करायची होती. एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै उजाडला तेव्हा देणेकरी हजारो होते, देणारा कुणी नव्हता. पुढे बँक ऑफ बॉम्बेही त्यातच बुडाली.

१९९२ चा साचा वेगळा नव्हता. जानेवारीत दोन हजारांच्या आत असलेला सेन्सेक्स २२ एप्रिलला ४४६७ वर बंद झाला. हवा भरणारा पैसा बँकांचा होता. सरकारी रोख्यांच्या ‘रेडी फॉरवर्ड’ व्यवहारांतून (आज विकून ठरल्या दिवशी परत घेण्याचे सौदे) आणि बँक रिसीटच्या (रोखे विकल्याची बँकेची पावती) कागदांवरून तो हर्षद मेहतांसारख्या दलालांच्या हाती आला होता. त्या दिवसांत एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर दहा हजारांच्या आसपास गेला. त्याचे समर्थनही तयार होते : असा सिमेंट कारखाना आज नव्याने उभारायचा तर किती खर्च येईल ते पाहा, मग भाव स्वस्तच वाटेल! बँकांचा पैसा आटला आणि वर्षअखेर सेन्सेक्स २६०० च्या आसपास आला.

तेव्हा पाहायच्या खुणा अशा. शेअर घेण्यासाठी कर्ज काढणे रूढ झाले आहे का? नफ्यावर भाव पटत नाही म्हणून भाव पटवणारे नवे माप कुणी शोधून काढले आहे का? आणि बाजारात नव्याने येणाऱ्या कंपन्यांचा दर्जा कसा आहे? ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या दोन दुचाकी शोरूम आणि आठ कर्मचारी असलेल्या कंपनीने १२ कोटींचा आयपीओ आणला, त्याला सुमारे ४८०० कोटींच्या बोली आल्या. दुकानाचा धंदा काय, हे त्या बोलीदारांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. असे सौदे दिसू लागले की बाजाराच्या त्या कोपऱ्यात फुगा आहे असे खुशाल समजावे. सगळा बाजार एकाच वेळी फुगलेला असतो असे नाही. मोठ्या कंपन्या ठीक भावात आणि छोट्या आभाळात, हे चित्र आपल्याकडे नेहमी दिसते.

फुगा ओळखता येतो. तो कधी फुटेल हे मात्र कुणालाच सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

प्रश्न : निफ्टीचा पीई २५ च्या वर गेला की सगळे विकायचे आणि १५ च्या खाली आला की घ्यायचे, असा साधा नियम पाळला तर? (सॉफ्टवेअर अभियंता, पुणे)

ऐकायला छान, पाळायला अवघड, आणि अधूनमधून साफ चुकणारा नियम.

पीई म्हणजे भाव भागिले प्रतिशेअर नफा. जानेवारी २००८ मध्ये निफ्टीचा पीई २७ च्या आसपास होता आणि पुढे बाजार कोसळला, तिथे नियम बरोबर ठरला. पण ऑगस्ट २०२० मध्ये पीई ३० च्या वर होता तो भाव फार चढल्यामुळे नव्हे. टाळेबंदीने भागाकाराच्या खालचा आकडा, म्हणजे नफा, बसला होता. त्या वेळी निफ्टी ११,३०० च्या आसपास होता. ज्यांनी नियमाने विकले त्यांच्यासमोर ऑक्टोबर २०२१ मध्ये निफ्टीने १८ हजार ओलांडले. शिवाय मार्च २०२१ च्या अखेरीपासून एनएसई हा आकडा उपकंपन्यांचा नफा धरून काढते, आधी तो फक्त मूळ कंपनीचा असे. म्हणून जुना पीई आणि नवा पीई शेजारी ठेवून काढलेले तक्ते फसवतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या बहुतेक तक्त्यांत ही चूक असते.

पीई निरुपयोगी आहे असे नाही. एनएसईच्या संकेतस्थळावर पीईसोबत पीबी म्हणजे भाव आणि पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरते ते) यांचे गुणोत्तर आणि लाभांशाचे प्रमाणही मिळते. तिन्ही एकत्र पाहावीत. पीई वर आणि पीबीही वर, लाभांश नगण्य, असे असेल तर नवा पैसा शेअरमध्ये घालताना हात आखडावा. ‘सगळे विका’ असा त्याचा अर्थ घेऊ नये.

उलट टोकाची भीतीही खरी आहे. जपानचा निक्केई २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, ३४ वर्षांनी. अमेरिकेचा नॅस्डॅक मार्च २००० च्या शिखरावरून ७८ टक्के पडला आणि ते शिखर परत गाठायला त्याला २०१५ उजाडले. ‘थांबले की पैसे परत येतातच’ हे वाक्य म्हणणाऱ्याने किती वर्षे थांबायची तयारी आहे, तेही सांगावे.

प्रश्न : माझे लहान वर्कशॉप आहे. दहा लाखांचे शेअर तारण ठेवून पाच लाख उचलले आणि मशीनचा पहिला हप्ता भरला. शेअरही राहिले, कामही झाले. भाऊ म्हणतो हे धोक्याचे आहे. यात धोका कसला? (लघुउद्योजक, सातपूर, नाशिक)

तुमच्या भावाचे म्हणणे गंभीरपणे घ्या. या वेळच्या सगळ्या पत्रांत आम्हाला सर्वाधिक काळजी तुमच्या पत्राची वाटली, म्हणून हिशेब पायरीपायरीने मांडतो.

शेअरवर साधारण निम्मे कर्ज मिळते. तुम्ही दहा लाखांवर पाच लाख घेतले, म्हणजे मर्यादेच्या कडेवर उभे आहात. समजा शेअर ३० टक्के पडले. तारणाची किंमत सात लाख झाली. सात लाखांवर मर्यादा साडेतीन लाखांची, कर्ज मात्र पाच लाखांचे तसेच आहे. तूट दीड लाखाची. सावकार कंपनीचा फोन येतो आणि ही तूट भरायला मोजके दिवस मिळतात, वित्त कंपन्यांच्या बाबतीत कामाचे सात.

दीड लाख रोख भरले तर प्रश्न मिटला. ते नसतील तर कंपनी तुमचे शेअर विकते, आणि लोक इथेच चुकतात. त्यांना वाटते दीड लाखाचे शेअर जातील. पण शेअर विकले की तारणही घटते. गुणोत्तर पुन्हा निम्म्यावर आणायला तीन लाखांचे शेअर विकावे लागतात : मग उरतात चार लाखांचे शेअर आणि दोन लाखांचे कर्ज.

आता समजा बाजार सावरला आणि भाव जिथून पडले तिथेच परत आले. तुमचे चार लाखांचे शेअर ५ लाख ७१ हजारांचे झाले. त्यातून दोन लाखांचे कर्ज वजा केले की ३ लाख ७१ हजार राहिले. सुरुवातीला दहा लाखांतून पाच वजा जाऊन तुमचे स्वतःचे पाच लाख होते. बाजाराचे काहीच नुकसान झाले नाही, तुमचे १ लाख २९ हजार कायमचे गेले. व्याज आणि कर त्यावर आणखी. पडझड तात्पुरती होती, विक्री कायमची ठरली.

तुमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे. बाजार जोरात पडतो तेव्हा बहुधा अर्थव्यवस्थेतही गडबड असते. मोठ्या कंपन्या ऑर्डर पुढे ढकलतात, बिले थकतात, बँक कॅश क्रेडिट वाढवून देत नाही. म्हणजे दीड लाखाचा फोन नेमका हाती रोकड नसताना येणार. २००८ च्या उत्तरार्धात अनेक छोट्या कारखानदारांचे असेच दोन्हीकडून झाले.

आज करण्यासारखे असे : कर्ज शेअरच्या किमतीच्या २५ टक्क्यांवर आणा. खिशातून अडीच लाख भरता आले तर उत्तम. नाही तर आजच्या भावाने सुमारे ३ लाख ३३ हजारांचे शेअर विकून कर्जात भरा. मग ६ लाख ६७ हजारांवर १ लाख ६७ हजार कर्ज राहील आणि शेअर निम्मे होईपर्यंत फोन येणार नाही. विक्री जवळपास तेवढीच, पण ३० टक्के खालच्या भावात नाही.

दुसरे, तारण ठेवलेली यादी तपासा. कर्जदात्याच्या मान्य यादीतून एखादा शेअर निघाला तर त्याचे तारणमूल्य एका रात्रीत शून्य होते. शेअर बाजाराच्या वाढीव देखरेखीखाली, म्हणजे एएसएम किंवा जीएसएममध्ये गेला की असे होण्याची शक्यता फार. या याद्या एनएसई आणि बीएसईच्या संकेतस्थळांवर असतात.

दलालाकडून मिळणाऱ्या मार्जिन ट्रेडिंग सुविधेचा, म्हणजे एमटीएफचा, हिशेब याहून कडक आहे. स्वतःचे एक लाख आणि दलालाचे एक लाख घालून दोन लाखांचे शेअर घेतले, ते ३० टक्के पडले, तर एक लाख चाळीस हजार राहतात. दलालाचे लाख गेले की तुमच्या लाखातले चाळीस हजार उरले. ३० टक्क्यांच्या पडझडीत ६० टक्के भांडवल साफ, आणि तेही व्याज धरण्याआधी. मार्जिन, म्हणजे सौद्यातला तुमचा वाटा, कमी पडले तर दलाल थांबत बसत नाही, तुम्ही सही केलेल्या करारात तो हक्क त्याला दिलेला असतो. जानेवारी २००८ मध्ये भाव पडले म्हणून मार्जिन कमी पडले, मार्जिन कमी पडले म्हणून दलालांनी विकले, आणि त्या विक्रीनेच भाव आणखी पडले. २१ जानेवारीला सेन्सेक्स १४०८ अंकांनी आपटला, दुसऱ्या दिवशी उघडताच खालचे सर्किट, म्हणजे पडझडीची ठरलेली मर्यादा, लागून व्यवहार थांबले. आदल्याच आठवड्यात रिलायन्स पॉवरच्या आयपीओसाठी अनेकांनी कर्ज काढून अर्ज भरले होते. ४५० रुपयांना दिलेला तो शेअर नोंदणीच्या दिवशीच त्याच्या बराच खाली बंद झाला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६३. घरखर्च महिना ४५ हजार, निवृत्तिवेतन २० हजार. ३२ लाख इक्विटी फंड व शेअरमध्ये, ६ लाख मुदत ठेवीत. सारखी धास्ती वाटते. किती काढून घेऊ? (सातारा)

बाई, हिशेब बाजारापासून सुरू करू नका, घरखर्चापासून करा. दरमहा २५ हजार कमी पडतात, म्हणजे वर्षाला तीन लाख. ही तूट पाच वर्षे शेअरला हात न लावता भागली पाहिजे : १५ लाख. आजारपणासाठी तीन लाख वेगळे. एकूण १८ लाख बाजाराबाहेर हवेत. तुमच्याकडे सहा आहेत, म्हणून १२ लाख काढावेत आणि २० लाख राहू द्यावेत.

पाच वर्षे फार वाटत असतील तर २००८ आठवा. ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ ला तो ८१६० वर होता, जवळजवळ ६१ टक्के खाली. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने जुनी पातळी क्षणभर शिवली, पण ती पक्की ओलांडायला २०१३ ची अखेर आली. आज तुमच्या ठेवी दोन वर्षांत संपतील, आणि तिसऱ्या वर्षी बाजार खाली असेल तर निम्म्या भावात युनिट मोडून किराणा भरावा लागेल. आमचा सगळा आटापिटा तो एक प्रसंग टाळण्यासाठी आहे. वीस लाखांचे दहा झाले तरी १८ लाख शाबूत असतील, तर वाट पाहता येते.

काढायचे कशातून? आधी सुटे शेअर आणि स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांचे) फंड, निर्देशांक किंवा मोठ्या कंपन्यांचे फंड शेवटी. बारा महिने पूर्ण झालेली युनिट आधी मोडा, त्याआधी विकल्यास नफ्यावर २० टक्के कर आणि बहुतेक फंडांत एक टक्का एक्झिट लोड (बाहेर पडण्याचे शुल्क) बसतो. बारा महिन्यांनंतरच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. समजा बारा लाखांत पाच लाख नफा आहे. सगळे एकाच आर्थिक वर्षात विकले तर सेस सोडून ४६,८७५ रुपये कर. निम्मे ३१ मार्चच्या आत आणि निम्मे १ एप्रिलनंतर विकले तर ३१,२५०. मार्च जवळ असेल तर असे करा. सहा महिने लांब असेल तर पंधरा हजारांसाठी बारा लाख टांगणीला ठेवू नका.

ठेवायचे कुठे? पहिल्या वर्षाचे तीन लाख बचत खाते किंवा लिक्विड फंडात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे एक आणि दोन वर्षांच्या मुदत ठेवींत. बाकीचे पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत : कमाल ३० लाख, पाच वर्षे मुदत, व्याज दर तिमाहीला हातात. मधेच मोडली तर कपात आहे, म्हणून आजारपणाचे तीन लाख त्यात घालू नका. आणि जास्त व्याज मिळते म्हणून सगळे एकाच पतसंस्थेत किंवा छोट्या सहकारी बँकेत नेऊ नका. बँक ठेवींचा विमा दर बँकेमागे एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाखांपर्यंतच आहे. पतसंस्थांना तोही नाही.

प्रश्न : बाजार पडणार असेल तर एसआयपी आत्ताच थांबवावी का? (खासगी नोकरी, ठाणे)

नाही. समजा दरमहा दहा हजार भरता आणि युनिटचा भाव सात महिन्यांत १००, ८०, ६०, ५०, ६०, ८०, १०० असा गेला. भरले ७० हजार, युनिट मिळाली सुमारे ९८३, शेवटी किंमत ९८ हजार ३३३. भाव जिथून निघाला तिथेच आला, तरी ४० टक्के जास्त. एवढेच नाही, तो ८० वर आला त्या सहाव्या महिन्यातच साठ हजारांचे सत्तर हजार झाले होते. ५० वर भाव असताना ज्याने एसआयपी थांबवली, त्याने सर्वांत स्वस्त युनिटच सोडली.

हे गणित अनेक कंपन्यांच्या फंडाला लागू पडते, एकट्या शेअरला नाही. पुण्याच्या सुझलॉनचा शेअर जानेवारी २००८ मध्ये चारशेच्या वर होता, मार्च २०२० मध्ये दोन रुपयांच्या आसपास. खाली खाली घेऊन सरासरी भाव कमी करत गेलेल्यांचे काय झाले असेल, त्याची कल्पना करा. निर्देशांकातून आजारी कंपनी बाहेर जाते आणि दुसरी येते, तुमच्या डीमॅट खात्यात हे काम कुणी करत नाही.

एसआयपीचा खरा शत्रू नोकरी जाणे हा आहे. घराचा हप्ता धरून सहा महिन्यांचा खर्च वेगळा नसेल, तर आधी एसआयपी निम्मी करा आणि तो साठवा. पैसे कमी पडत असतील तर हप्ते बाउन्स होऊ देऊ नका, बँक दर वेळी दंड लावते. बहुतेक फंडांत काही महिने थांबवण्याची सोय आहे, ती वापरा.

प्रश्न : माझ्याकडे स्मॉलकॅप आणि काही एसएमई शेअर आहेत. प्रत्येकाला दहा टक्के खाली स्टॉपलॉस लावलेला असतो. मग पडझडीची चिंता कशाला? (औषध दुकानदार, जळगाव)

स्टॉपलॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीला आला की विकण्याची सूचना, विकले जाण्याची हमी नव्हे. समोर घेणारा लागतो.

पाच टक्के सर्किटचा, म्हणजे एका दिवसात त्याहून जास्त चढू वा पडू न शकणारा, शेअर घ्या. वाईट बातमी आली, सकाळी तो थेट १०० वरून ९५ ला उघडला आणि तिथेच अडकला. पडद्यावर विकणाऱ्यांची रांग लाखो शेअरची, घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. तुमचा ९० चा स्टॉपलॉस अजून जागाही झालेला नाही. दुसऱ्या दिवशी ९०.२५, तिसऱ्या दिवशी ८५.७४. तुमचा भाव आला तेव्हा तुम्ही रांगेच्या शेवटी. असे दहा दिवस गेले की शेअर साठच्या खाली, आणि एकही शेअर विकला गेलेला नाही. स्टॉपलॉसला मर्यादाभाव (याच्या खाली विकू नये असा भाव) लावला असेल तर अंतर पडून उघडलेल्या बाजारात तो भाव ओलांडून खाली जातो आणि ऑर्डर तशीच पडून राहते. एसएमई, म्हणजे लघु-मध्यम उद्योगांचा, शेअर तर लॉटनेच (ठरलेल्या संख्येच्या गठ्ठ्याने) विकावा लागतो, गरजेपुरते थोडे विकण्याची सोय नाही.

त्यासाठी घेतानाच एक आकडा पाहा : त्या शेअरची महिन्याभराची सरासरी रोजची उलाढाल, आणि तीही डिलिव्हरीची (खरोखर खात्यात घेतलेल्या शेअरची). तुमचा साठा तिच्या एक-दोन टक्क्यांच्या वर असेल तर पळापळीत तुम्हाला दार सापडणार नाही. बाजार तेजीत असताना, घेणारे असताना, तो कमी करा.

फंडांनाही हेच लागू. मार्च २०२४ पासून मिडकॅप आणि स्मॉलकॅप फंड दर महिन्याला ताणचाचणीचे आकडे जाहीर करतात : चतुर्थांश आणि निम्मा साठा विकायला किती दिवस लागतील. हा हिशेब सर्वांत कमी उलाढालीचा पाचवा हिस्सा वगळून केलेला असतो, तेव्हा प्रत्यक्षात दिवस जास्तच लागतील असे धरा. तुमच्या फंडाचा आकडा दर तिमाहीला लिहून ठेवा, तो वाढत चालला असेल तर फंडाचा आकार पेलेनासा झाला आहे.

प्रश्न : निफ्टीचे पुट घेऊन विमा उतरवावा का? (पणजी)

पुट म्हणजे प्रीमियम मोजून घेतलेला, ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क. बहुतेकांनी तो घेऊ नये. एका कराराचे मूल्यच किमान १५ लाख असते, म्हणजे त्याहून लहान गुंतवणुकीला माप बसत नाही. तुमच्याकडे स्मॉलकॅप असतील तर निफ्टीचे पुट त्यांचा विमा ठरत नाही, दोघांची पडझड सारखी नसते. आणि पुटला मुदत असते : महिन्याला एक टक्का प्रीमियम गेला तर वर्षाला बारा टक्के, पडझड आली नाही तर सगळे वाया. एवढ्या खर्चाऐवजी शेअरचा वाटा कमी करणे स्वस्त पडते. विम्यासाठी उघडलेले ऑप्शनचे खाते महिन्याभरात सट्ट्याचे होते, हाही अनुभव सार्वत्रिक आहे. सेबीच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला, एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर.

प्रश्न : प्रत्यक्ष पडझडीच्या दिवशी काय करावे? घाबरून चूक होऊ नये म्हणून विचारतो. (बँक कर्मचारी, सोलापूर)

त्या दिवशी नवे काही ठरवू नका, आधी लिहून ठेवलेले असेल तेवढेच करा.

बाजार कसा थांबतो ते माहीत असू द्या. निर्देशांक दहा टक्के हलला आणि दुपारी एकच्या आत असेल तर ४५ मिनिटे व्यवहार बंद, एक ते अडीचमध्ये १५ मिनिटे, अडीचनंतर थांबत नाही. पंधरा टक्क्यांना एकच्या आत पावणेदोन तास. वीस टक्क्यांना दिवसभरासाठी बंद. २३ मार्च २०२० रोजी सकाळीच दहा टक्के पडून बाजार थांबला, पुन्हा उघडला आणि आणखी पडला, सेन्सेक्स ३९३५ अंकांनी खाली, २५,९८१ वर बंद. त्या दिवशी ज्यांनी घाईने विकले त्यांनी जवळजवळ तळ विकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेन्सेक्स जानेवारीच्या शिखरावर परत होता. पुढची पडझड इतकी लवकर भरून निघेल असे मात्र धरून चालू नका.

लिहून ठेवायचे ते असे. शेअर ६० टक्के आणि ठेवी ४० टक्के हे तुमचे प्रमाण असेल, तर दहा लाखांत सहा आणि चार. शेअर २० टक्के पडले की ४ लाख ८० हजार, एकूण ८ लाख ८०, शेअरचा वाटा साडेचोपन्न टक्के. पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला, म्हणजे पहिली खरेदी. निर्देशांक शिखरापासून २०, ३० आणि ४० टक्के खाली असताना तीन टप्प्यांत ठेवीतून शेअरकडे पैसे न्यावेत, तेही निर्देशांक फंडात. एकदम ४० टक्क्यांवर पोहोचलात आणि मधे काही केले नसेल तर ३ लाख ६० विरुद्ध ४ लाख, साठ टक्क्यांवर यायला ९६ हजार लागतील. पाच वर्षांच्या खर्चाची रक्कम या हिशेबात कधीही धरायची नाही. साताऱ्याच्या बाईंनी हा प्रकार करूच नये.

तोट्यातल्या टाकाऊ शेअरसाठी मात्र पडझड उपयोगाची. अल्पमुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घमुदतीचा फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. तोटा दाखवण्यासाठी विकलेला शेअर परत हवा असेल तर तो दुसऱ्या दिवशी घ्या. त्याच दिवशी त्याच बाजारात घेतला तर दोन्ही व्यवहार एकमेकांत वळते होतात, इंट्राडे ठरतात, आणि जुना तोटा वहीत तसाच राहतो.